चढाईपटूचं वय

भाताची झोडणी उरकली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, की हिर्डोशी खोऱ्यातली खाचरं पावसापर्यंत मोकळी पडतात. रस्त्याकडेचं एखादं खाचर पोरं मालकाकडून मागून घेतात. मग दोन दिवस राबायचं. धसकटं कुदळीनं उपटायची, बांधाकडची माती ओढून खळगे बुजवायचे, पाणी मारून धुमसानं चोपायचं आणि तिसऱ्या दिवशी दोरी धरून फक्कीनं रेघा ओढायच्या. लांबी तेरा मीटर, रुंदी दहा. मधे मध्यरेषा, पलीकडे निदानरेषा, तिच्या मागे बोनसची रेघ. चार कोपऱ्यांना वासे आणि वाशांवर हॅलोजन. नीरा-देवघरच्या पाण्यावरून वारं सुटलं की फक्की उडते, आणि पंच डबा घेऊन पुन्हा रेघ मारत बसतात.

गेल्या माघात अशा एका मैदानाच्या बांधावर मी मध्यरात्रीपर्यंत बसलो होतो. त्याच आठवड्यात न्यू जर्सीच्या भाच्याचा फोन आला होता. तिकडे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा, सुपर बोलचा दिवस म्हणजे आपल्याकडचा सणच. सामना पाहायला जमलेल्या मराठी घरांत क्वार्टरबॅकच्या कंत्राटाचे आकडे पंचांगासारखे वाचले जातात. तो म्हणाला, ‘‘मामा, आपल्याकडे असा कोण आहे रे, ज्याच्यावर सगळा संघ उभा असतो?’’ मी म्हटलं, चढाईपटू. उत्तर पटकन दिलं खरं, पण बांधावर बसल्यावर ते तितकंसं सोपं वाटेना.

समोरच्या संघात तेवीस वर्षांचा एक पोरगा होता. दिवसा शिरवळच्या एका कारखान्यात कंत्राटावर काम करणारा. चढाईला निघताना तो मध्यरेषेवरची माती कपाळाला लावी आणि डाव्या बाजूनं आत शिरे. त्याच्या दमाचा आवाज बांधापर्यंत येई, ‘कबड्डी कबड्डी’चं शेवटी नुसतं ‘डीडीडी’ व्हायचं. बचावाला सातही जण उभे होते, म्हणजे बोनस खुला. तो उजव्या कोपऱ्याच्या अंगावर झुकला, एक पाऊल बोनसच्या रेघेपलीकडे टाकलं, मागचं अधांतरी उचललं. त्याच क्षणी कोपऱ्यानं घोट्यावर झडप घातली. पोरगा पडला, सरपटला, बोटं मध्यरेषेवर टेकली. पंचांनी दोन बोटं वर केली. टाळ्या चालू असताना तो मात्र उजवा गुडघा धरून बसून राहिला. मग उठला, कमरेला खोचलेली क्रेप बँडेज काढली, गुंडाळली आणि पुढच्या चढाईच्या वेळी पुन्हा माती कपाळाला.

नंतर मी विचारलं, ‘‘अजून किती वर्षं खेळशील?’’

‘‘दोन. लई तर तीन, काका.’’

त्याच्या उत्तरात तक्रार नव्हती. भाताचं वाण किती वर्षं चालतं, हे सांगावं तसं त्यानं सांगितलं.

क्वार्टरबॅक टॉम ब्रॅडीची आठवण इथेच येते. २००० सालच्या निवडीत तो १९९ व्या क्रमांकावर उचलला गेला, म्हणजे जवळजवळ कुणाला नकोच होता. पुढे तो २३ हंगाम खेळला, सात सुपर बोल जिंकला आणि २०२३ मध्ये थांबला तेव्हा ४५ वर्षांचा होता. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याच्या खात्यावर तीन विजेतेपदं होती. उरलेली चार नंतर आली. आता आपल्याकडचा परदीप नरवाल घ्या. प्रो कबड्डीत १८०० च्या वर चढाईचे गुण, एका हंगामात ३६९, एका सामन्यात ३४. पाटणा पायरेट्सच्या लागोपाठच्या तीन विजेतेपदांत तो होता. लोक त्याला ‘डुबकी किंग’ म्हणत. २०२१ च्या लिलावात त्याला १ कोटी ६५ लाख मिळाले, पुढच्या वर्षी ९० लाख, २०२४ मध्ये ७० लाख आणि २०२५ मध्ये बोलीच लागली नाही. त्यानं निवृत्ती जाहीर केली. वय २८.

दोघांच्या वयातलं अंतर गुणवत्तेनं सुटणारं गणित नाही. खेळाच्या नियमांत त्याचं उत्तर आहे.

क्वार्टरबॅक चेंडू हातात घेतो तेव्हा त्याच्यापुढे पाच-पाच धिप्पाड गडी भिंत करून उभे असतात, आणि त्या भिंतीचं काम एकच, त्याला कुणी हात लावू नये. २००८ च्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात ब्रॅडीच्या गुडघ्यावर एक बचावपटू जमिनीवरून झेपावला आणि त्याचा सारा हंगाम गेला. पुढच्या वर्षी तिकडच्या लीगनं नियम कडक केला. जमिनीवर पडलेल्यानं क्वार्टरबॅकच्या गुडघ्यावर वा त्याखाली झेप घ्यायची नाही. तिकडचे चाहते त्या नियमाला त्याच्याच नावानं ओळखतात.

हाच प्रसंग आपल्याकडे १४ वर्षांनी घडला. चढाईपटू पवन सेहरावतला २०२२ च्या लिलावात तमिळ थलैवाजनं २ कोटी २६ लाखांना घेतलं. तोवरची ती सगळ्यात मोठी बोली होती. ऑक्टोबरमध्ये बंगळुरूत गुजरात जायंट्सविरुद्ध संघाचा पहिला सामना. सुरुवातीच्याच काही मिनिटांत एक पकड करायला गेला, गुडघा मुरगळला, स्ट्रेचरवरून बाहेर गेला, आणि हंगाम संपला. कोणताही नियम बदलला नाही, आणि बदलणार तरी कोणता? घोटा धरणं, पट काढणं, मांडीला मिठी मारणं हीच तर बचावाची विद्या. ती काढून टाकली तर कबड्डीत उरेल फक्त शिवाशिवी. अमेरिकेनं आपल्या नायकाला भिंतीआड ठेवलं. आपला नायक सात जणांच्या घरात एकटा शिरतो, तेही श्वास कोंडून. मला हे दोन्ही खेळ आवडतात, पण दुसऱ्यात छाती जास्त लागते, एवढं पक्षपाती मत नोंदवून ठेवतो.

पवन परत आला, हेही सांगायला हवं. पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी २ कोटी ६० लाखांवर मोजले, आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याच्या कप्तानीखाली भारतानं इराणला ३३-२९ असं हरवून सुवर्ण परत आणलं. २०१८ ला जकार्तात इराणनंच आपल्याला उपान्त्य फेरीत घरी बसवलं होतं. हांगझोऊच्या त्या संघात दोन मराठी चढाईपटू होते, अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे. अस्लमनं काही महिन्यांनी, १ मार्च २०२४ ला, पुणेरी पलटणला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सवर २८-२५. त्याच्या पुढच्या हंगामात त्याचाही गुडघा गेला.

गुडघ्यांची ही यादी अशीच लांबवता येईल. तिचं कारण नुसतं दुर्दैव नव्हे. पूर्वी चढाईपटू दम टिकेल तोवर आत रेंगाळे. हात न लावता, न पकडला जाता परत येणं यालाही कौशल्य मानत, आणि पुढे असलेला संघ शेवटची पाच-सात मिनिटं अशा रिकाम्या चढायांवर काढी. प्रेक्षक शिव्या घालत, पण खेळाडूचं शरीर वाचे. आता चढाई तीस सेकंदांची आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग आली तेव्हा तिसऱ्या चढाईचा नियम आला. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्यात गुण आणा, नाहीतर बाहेर बसा. टीव्हीवर हे छानच दिसतं. पण यानं झालं असं, की जिथे शहाणपणानं माघार घ्यायची तिथे अंगावर जावंच लागतं. त्यात मातीऐवजी मॅट. माती निसटते, पाय तिच्याबरोबर सरकतो, फार तर ढोपर सोलतं. मॅटवर बूट घट्ट बसतो. पाय जागीच राहतो आणि पिळा बसतो गुडघ्याला. वजनाची मर्यादाही वाढली, ८० किलोची ८५ झाली. अंगावर पडणारा कोपरा तेवढा जड झाला. जुने खेळाडू चाळिशीला टेकेपर्यंत मंडळाकडून उतरत असत, त्याचं रहस्य बरंचसं मातीत होतं.

त्या जुन्या जमान्याकडे थोडं थांबून पाहिलं पाहिजे, कारण ‘व्यावसायिक’ हा शब्द कबड्डीत प्रो लीगनं आणलेला नाही. हुतुतूचे नियम १९२० च्या दशकात लेखी होऊ लागले. १९३६ ला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ दाखवला. १९५० ला अखिल भारतीय संघटना झाली. शंकरराव तथा बुवा साळवींनी सारी हयात या संघटनेच्या कामात घालवली. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. या सगळ्यांत खेळाडूला पैसा नव्हता. पैसा आला तो नोकरीच्या रूपानं. मुंबईच्या स्पर्धांत ‘स्थानिक गट’ आणि ‘व्यावसायिक गट’ असे दोन गट असत, अजूनही असतात. व्यावसायिक म्हणजे महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, रेल्वे, पोलीस, बँका. चढाई चांगली मारणाऱ्या पोराला तिथे चिकटवून घेत. सकाळी सही, दुपारी सराव, साठीला निवृत्तिवेतन.

आमच्या मावळपट्ट्यातल्या माणसाला ही वाट बरोबर कळत होती. एक पाय गावच्या भातात आणि एक लालबाग-परळच्या खोलीत, अशी कित्येक घरं. एका खोलीत दहा-बारा गाववाले, पाळ्या लावून झोपणारे. संध्याकाळी गल्लीतल्या मंडळाच्या मैदानात उतरायचं, कुणाच्या तरी नजरेत भरायचं. चैत्रात गावच्या यात्रेला ‘मुंबईकर’ विरुद्ध ‘गावकर’ असा सामना ठरलेला, आणि तो हरलेला पक्ष वर्षभर टोमणे खाई. १९८२ च्या संपानंतर गिरण्या विझल्या, गिरणगावची मैदानं आक्रसली, आणि ही वाट अरुंद होत गेली. पण बंद झाली नाही. आजही राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि खोऱ्यातल्या आईबापांना लिलावापेक्षा ते पाच टक्के जास्त खरे वाटतात.

रिशांक देवाडिगाची गोष्ट या दोन्ही जमान्यांच्या सांध्यावरची आहे. मुंबईतला मुलगा, लहानपणीच वडील गेले, हॉटेलात वेटरचं काम केलं. खेळावर भारत पेट्रोलियममध्ये लागला. मग लीग आली, यू मुंबाकडून नाव झालं. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला त्याच्या कप्तानीखाली महाराष्ट्रानं सेनादलाला ३४-२९ असं हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद घेतलं. त्याच्यासारख्यांना लीगचा पैसा हा वरकड होता. खाली नोकरीची जमीन घट्ट होती. म्हणून तो पडला तरी लागत नसे.

सिद्धार्थ देसाईच्या वेळेला आकडे पार बदललेले. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा हा गडी. मोठा भाऊ सूरज हाही चढाईपटू. २०१८ मध्ये यू मुंबानं त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं, पहिल्याच हंगामात त्यानं चढाईचे दोनशेवर गुण केले, लोकांनी ‘बाहुबली’ नाव ठेवलं, आणि पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सनं १ कोटी ४५ लाख मोजले. त्या लिलावातली ती सगळ्यात मोठी बोली. दुसरा हंगामही दोनशेच्या वरच. मग मधे कोरोनाचं वर्ष, आणि परत आल्यावर खांदा दुखावला. मोजक्याच सामन्यांनंतर बाहेर. पुढे तो खेळत राहिला, इतर संघांकडून उतरला, पण ते पहिले दोन हंगाम पुन्हा आले नाहीत. त्याच्या त्या चढाया मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. मध्यरेषेकडे परतताना अंगाला तिघं लोंबकळत असताना तो त्यांना घेऊनच येई, बैलानं औत ओढावं तसा. पाहताना अंगावर काटा येतो. पण एक खांदा किती वेळा तिघांना ओढेल, हा हिशेब तेव्हा कुणी मांडत नव्हतं. मीही नाही.

पैशाच्या आकड्यांनी डोळे दिपतात, म्हणून थोडं मापात पाहू. लीगच्या एका संघाला अख्खा चमू उभा करायला अलीकडे पाच कोटींची मर्यादा असते. बारा संघांचे मिळून साठ कोटी. अमेरिकेत डॅलसच्या डॅक प्रेस्कॉटनं २०२४ मध्ये केलेल्या कराराची सरासरी वर्षाला सहा कोटी डॉलर, म्हणजे आपले पाचशे कोटींच्या आसपास. एका क्वार्टरबॅकच्या एका वर्षात आपली सगळी लीग आठ वेळा लिलावात विकत घेता येईल. आणि आपल्याकडे कोटीवाले मूठभर. लिलावातल्या खालच्या गटाची मूळ किंमत अलीकडच्या हंगामांत नऊ लाख राहिली आहे. मराठी पोरं बहुतेक याच पायरीवरून किंवा संघांच्या युवा योजनेतून चढतात. नऊ लाख हे मावळातल्या घराला थोडे नाहीत, विहीर होते, घराला स्लॅब पडतो. फक्त ते दरवर्षी येतील असं धरून कर्ज काढू नये. २०१४ च्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग ठरलेल्या राकेश कुमारला मिळाले होते १२ लाख ८० हजार. दहा वर्षांत किंमत वीसपट झाली. करिअरची लांबी मात्र होती तिथेच राहिली, किंबहुना दोन-चार वर्षं कमीच झाली असेल.

मुलींचा हिशेब तर दोन ओळींत संपतो, आणि तो मुलींचा दोष नाही. पुण्याच्या शकुंतला खटावकरांपासून मुंबईच्या अभिलाषा म्हात्रेपर्यंत अर्जुन पुरस्कारवाल्या चढाईपटू महाराष्ट्रानं दिल्या. हांगझोऊच्या सुवर्णविजेत्या महिला संघात पुण्याची स्नेहल शिंदे होती. २०१६ मध्ये प्रो लीगवाल्यांनी मुलींसाठी तीन संघांची छोटी स्पर्धा केली, अंतिम सामना एका गुणानं सुटला, रंगलाही. पुढच्या हंगामात ती दिसली नाही. म्हणजे मुलीच्या करिअरचं गणित अजून महिंद्र-एअर इंडियाच्या काळातलंच आहे. नोकरी मिळाली तर खेळ.

खेळ संपल्यावर काय, हा प्रश्न क्वार्टरबॅकला पडतो तेव्हा टीव्हीची खुर्ची तयार असते. आपल्याकडे ज्यांची डोकी शाबूत आणि शब्द चालतो, ते प्रशिक्षक होतात. पूर्वीचे अर्जुन पुरस्कारविजेते अशोक शिंदे पुणेरी पलटणच्या बाकावर बसले. यू मुंबाला २०१५ चं विजेतेपद मिळवून देणारा अनुप कुमार निवृत्तीनंतर वर्षभरात त्याच पलटणचा प्रशिक्षक झाला. अनुपचं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. तो कधी धावत सुटला नाही, हवेत उडाला नाही. समोरच्या कोपऱ्याकडे हसून बघे, पाय पुढे करी, बोनस घेऊन मागे येई. लोक त्याला ‘बोनसचा बादशहा’ म्हणत. ब्रॅडीच्या जवळ जाणारा कुणी आपल्याकडे झाला असेल तर तो अनुप, कारण तो अंगापेक्षा डोळ्यांनी खेळे. म्हणून तो पस्तिशीपर्यंत टिकला. पण लिलावात अशा खेळाडूंवर हात वर होत नाहीत. डुबकीवर होतात, उडीवर होतात.

अमेरिकन फुटबॉल इकडे आलाच नाही असं नाही. २०१२ मध्ये ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ नावाची स्पर्धा झाली, तिच्यात ‘पुणे मराठाज’ नावाचा संघ होता, सामने झाले कोलंबोत. किराणा दुकानात फळ्यांवर माल लावता लावता सुपर बोलचा विजेता झालेला क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर तिच्या पाठीराख्यांत होता. हेल्मेट, खांद्याचं चिलखत, परदेशी प्रशिक्षक, सगळं होतं. रुजली मात्र नाही. कबड्डीला एक खाचर आणि फक्कीचा डबा पुरतो, या साध्या गोष्टीपुढे चिलखताचा खर्च टिकणं कठीणच होतं.

त्या रात्री अंतिम सामना दीड वाजता संपला. पोराचा संघ तीन गुणांनी हरला. उपविजेत्याचं बक्षीस सात हजार आणि खांद्याएवढा चषक. चषक त्याच्या घरी आणला तेव्हा मी बरोबर होतो. ओटीवर कणगीशेजारी असे आठ-नऊ चषक मांडलेले, त्यातल्या एकात वरईचं बियाणं भरून फडक्यानं तोंड बांधलेलं. भिंतीवरच्या खिळ्याला प्लास्टिकची पिशवी अडकवली होती. त्यानं ती काढून माझ्यापुढे ठेवली. आत प्रमाणपत्रं. गावच्या, तालुक्याच्या, एका साखर कारखान्याच्या स्पर्धेची. सगळ्यात खाली जिल्हा निवड चाचणीचं एक. राज्य स्पर्धेसाठी निवडलेल्या बारांत त्याचं नाव नव्हतं, तेव्हा गुडघा सुजला होता.

‘‘भरतीला यातलं कुठलं चालंल, काका?’’

नोकरीच्या आरक्षणाला मान्यताप्राप्त संघटनेची राज्य वा राष्ट्रीय स्पर्धा लागते, पडताळणीला क्रीडा विभागाच्या उपसंचालकांकडे जावं लागतं, हे मला माहीत होतं. मी प्रमाणपत्रं एकेक करून पाहिली, खालचं वेगळं काढलं, बाकीची परत पिशवीत घातली. त्याला कळलं. त्याची आई आतून म्हणाली, ‘‘आता नीज जरा, साडेपाचची गाडी हाय कंपनीची.’’ त्यानं बँडेज सोडून दोरीवर वाळत टाकली. पुढच्या शनिवारी खोऱ्याच्या पलीकडच्या अंगाला दुसरी स्पर्धा होती, पहिलं बक्षीस अकरा हजार.